दोन पोढ्या आणि एक वाट

महाड शहरापासून अवघ्या दोन-तीन किलोमीटरांवर, मुंबई-गोवा महामार्गालगत, पाले गावाच्या डोंगरात लेण्यांची एक रांग आहे. गांधारपाले या नावाने ती ओळखली जाते. २० मार्च रोजी चवदार तळ्यावर अभिवादनासाठी मुंबईकडून येणाऱ्या बांधवांच्या गाड्या याच डोंगराच्या पायथ्याने जातात. डोंगरावर काय आहे असे कोणी विचारल्यास बहुधा 'गुंफा आहेत' एवढेच उत्तर मिळते. अधिक जाणकार असेल तर 'आपल्या आहेत' असे म्हणतो. दोन्ही उत्तरे खोटी नव्हेत. परंतु त्या दोन्हींतून त्या डोंगरात नेमके काय बांधले गेले हे कळत नाही, आणि प्रस्तुत लेखाचा विषय नेमका तोच आहे.

पाले येथील एका लेण्यात इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील एक प्राकृत लेख आहे. कुमार काणभोअ व्हेणुपालित याने दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. ती नोंद स्तुतिपर नाही. ती जवळजवळ एखाद्या बांधकामाच्या हिशेबासारखी आहे. काय दिले? एक लेणे, एक चैत्यगृह, आठ ओवरक, लेण्याच्या दोन्ही बाजूंस एकेक याप्रमाणे दोन पोढ्या, आणि एक वाट. ओवरक म्हणजे राहण्याची खोली. मराठीत देवळाच्या आवारातील 'ओवरी' आजही आपण बोलतो तो याच कुळातील शब्द. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. शेवटी वाट, कारण डोंगराच्या कड्यावर खोदलेल्या निवासास चढणीची वाट नसेल तर बाकी सर्व दान व्यर्थ आहे.

ही यादी वाचल्यानंतर डोंगराकडे पाहणारा मनुष्य तोच राहत नाही, असे आमचे म्हणणे आहे. आतापर्यंत ज्यास केवळ भोके दिसत होती त्यास आता खोल्या मोजाव्याशा वाटतात, टाक्याचे तोंड कोठे आहे ते शोधावेसे वाटते, आणि पावसाचे पाणी कड्यावरून कोणत्या चराने टाक्यात उतरत असेल याचा विचार मनात येतो. वास्तूचा अभ्यास करतो म्हणजे काय करतो, तर दिसणाऱ्या आकाराला 'हे कशासाठी?' असा प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतो. ही सवय एकदा जडली की ती लेण्यापुरती थांबत नाही.

आमच्या विषयातील, म्हणजे पालीच्या विद्यापीठीय अभ्यासातील, एक उणीव येथे स्पष्टपणे मांडली पाहिजे. विनयपिटक आपण शब्दकोश जवळ ठेवून शिकतो व शिकवतो. चुल्लवग्गातील सेनासनक्खंधक हा भाग परीक्षेस असतो तेव्हा विद्यार्थी 'विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय, गुहा' ही पाच नावे पाठ करतो. या पाचही प्रकारांना मिळून तेथे 'लेण' असा शब्द वापरलेला आहे, आणि गुहा हा त्यांतील केवळ एक प्रकार आहे, हे त्याच्या ध्यानात येतेच असे नाही. लेण म्हणजे आसरा, निवारा. आपले मराठी 'लेणे' तेथून आलेले आहे. इंग्रज अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकात या वास्तूंना 'गुंफा-मंदिरे' असे नाव दिले. फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० च्या प्रसिद्ध ग्रंथाच्या नावातच ते आहे. त्यांच्या मोजमापांचे व नकाशांचे ऋण कोणीही नाकारू नये. पण नाव फसले. जे निसर्गाने घडवले ते गुंफा; येथे तर छिन्नीने वरून खाली, एकेक थर उतरवत, आधी छत व मग जमीन या क्रमाने घर कोरलेले आहे. आणि मंदिर म्हणावे तर यांतील बहुसंख्य वास्तू या राहण्याच्या जागा आहेत. खेडोपाडीच्या निरक्षर म्हातारीने 'लेणी' हा शब्द जपून ठेवला आणि सुशिक्षितांनी तो टाकून 'गुंफा' उचलला, हा प्रकार विचार करण्याजोगा आहे.

त्याच खंधकात पुढे काय आहे? राजगृहाच्या श्रेष्ठीने भिक्खूंना झाडाखाली, डोंगरकपारीत, स्मशानात राहून सकाळी बाहेर पडताना पाहिले व त्यांच्यासाठी एका दिवसात साठ विहार उभारले, ही कथा सर्वांस परिचित आहे. तिच्या पुढचा भाग मात्र क्वचितच वाचला जातो, कारण तो कंटाळवाणा वाटतो. दाराला चौकट हवी, कडी हवी, किल्लीसाठी भोक हवे. अंधार फार होतो म्हणून खिडकी हवी. ती तीन प्रकारची असू शकते: वेदिकेच्या नक्षीची, जाळीची आणि गजांची. खिडकीतून खारी व वटवाघळे आत शिरू लागली, तेव्हा तिला पडदा लावण्याची मुभा मिळाली. उंच जोत्यावर चढताना भिक्खू पडू लागले, म्हणून विटांच्या, दगडाच्या वा लाकडाच्या पायऱ्या आल्या. पायऱ्यांवरूनही पडू लागले, म्हणून हाताने धरावयाचा कठडा आला. प्रत्येक नियमामागे एक अडचण आहे, आणि अडचण सोसणारा एक माणूस आहे. वास्तुविद्येचे यापेक्षा चांगले प्राथमिक पाठ्यपुस्तक आमच्या पाहण्यात नाही. धम्माचा विनय हा असा अनुभवातून वाढत जाणारा आहे, वरून उतरलेला नाही, हे पटवून देण्यास दहा व्याख्यानांपेक्षा हा कठडा अधिक उपयोगी पडतो.

आता भाजे येथे जाऊ. तेथील चैत्यगृहाचे खांब आतल्या बाजूस कललेले आहेत. नवख्या पाहुण्यास वाटते की कारागिराचा हात चुकला. लाकडी घराची ज्यास माहिती आहे त्यास तसे वाटत नाही. वर लाकडी कमानींचे वाकवलेले छप्पर असेल तर ते खालच्या खांबांना बाहेर ढकलते. तो रेटा अडवण्यासाठी खांब आतल्या बाजूस कलते रोवावे लागतात. कातळात कोरलेल्या खांबास कोणताही रेटा नाही, तरीही तो कललेला आहे. म्हणजे कोरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक लाकडी चैत्यगृह होते. असे शेकडो लाकडी चैत्य व विहार गावांतून, नगरांतून उभे असले पाहिजेत, जे पावसाने, वाळवीने, आगीने नाहीसे झाले. भाजे येथे छताच्या फासळ्या खरोखरीच लाकडाच्या आहेत, आणि कार्ले येथेही. कार्ले येथे तर स्तूपावरचे लाकडी छत्रही टिकून आहे. खेड्यातल्या जुन्या घराच्या आढ्याखाली उभे राहून वासे मोजलेल्या माणसाला भाजे येथील छत परके वाटत नाही.

काही अभ्यासकांनी यास 'लाकडाची आंधळी नक्कल' म्हटले आहे. आम्हांस हे पटत नाही. कार्ले येथील एका लेखात धेनुकाकट येथील सामी नावाच्या वड्ढकीने, म्हणजे सुताराने, चैत्यगृहाचे दार केल्याची नोंद आहे. दगडी इमारतीच्या दर्शनी भागावर सुताराचे नाव का, या प्रश्नाचे उत्तर भाजे येथील खांबांनी आधीच दिलेले आहे. लाकडाची विद्या जाणणाराच येथे दगडाला हात घालत होता. हस्तांतरित झालेल्या विद्येला नक्कल म्हणणे म्हणजे पाली शिकलेल्याने प्राकृत वाचले तर त्यास चोर म्हणण्यासारखे आहे.

दात्यांच्या नावांविषयी येथे थोडे विषयांतर करतो. कार्ले येथील चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्ण करविले, हे सर्वत्र सांगितले जाते. तेथेच धेनुकाकटच्या एका गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दानही आहे. पितळखोरे येथील यक्षाच्या हातावर कण्हदास या सोनाराचे नाव आहे. जुन्नर येथील लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. तेथेच चिट नावाच्या यवनाने संघास भोजनमंडप दिला, इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. आपल्याकडील काही उत्साही लेखक या नावांवरून आजच्या जातींचा इतिहास काढू पाहतात. तो मोह आवरला पाहिजे. सुतार हा येथे व्यवसाय आहे. त्यावरून दोन हजार वर्षांपूर्वीच्या जातीविषयी विधान करता येत नाही. पण एवढे निश्चित म्हणता येते की, हाताने काम करणाऱ्याचे नाव, त्याच्या कामासह, वास्तूच्या दारावर कोरण्यास या संघास संकोच वाटला नाही. पुढील काळातील आपल्या भूमीवरील इमारतींच्या बाबतीत असे किती ठिकाणी म्हणता येईल, हे वाचकांनीच पाहावे.

जागेची निवड हाही वास्तूचाच भाग आहे. भिक्खू जगास कंटाळून दुर्गम डोंगरात लपले, अशी एक समजूत शालेय पुस्तकांपासून चालत आली आहे. नकाशा समोर घेऊन बसले की ती टिकत नाही. कार्ले, भाजे, बेडसे बोरघाटाच्या वाटेवर. जुन्नर नाणेघाटाच्या माथ्यामागे. नाशिकची लेणी थळघाटाच्या तोंडाशी. कान्हेरी तर सोपारा व कल्याण या बंदरांच्या मध्ये. घाट चढून आलेल्या तांड्यास पाणी व आसरा जेथे लागतो तेथेच लेणे आहे. पोढ्यांचे दान स्वतंत्रपणे का नोंदवले जाते, याचा अर्थ येथे उलगडतो.

नावांचा वाद आपल्या वाचकांस जिव्हाळ्याचा आहे, म्हणून त्यासंबंधी आमचे मत स्पष्ट सांगतो. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांना पांडवलेणी म्हटले जाते. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपती आहे. कार्ले येथे चैत्यगृहाच्या दारासमोर एकवीरा देवीचे मंदिर आहे, आणि कोळी समाजाची त्या देवीवर पिढ्यान्पिढ्यांची श्रद्धा आहे. यावर आपल्याकडील नेहमीची प्रतिक्रिया म्हणजे फलक, घोषणा आणि संतापाचे भाषण. संताप अकारण आहे असे आम्ही म्हणत नाही. पण लेण्याद्रीच्या त्या दालनात उभे राहून एखाद्या शाळकरी मुलास एवढेच दाखवावे: मध्ये खांब नसलेले प्रशस्त दालन आहे, त्याच्या भिंतींना ओळीने खोल्या आहेत, प्रत्येक खोलीचे दार दालनातच उघडते. मग त्यास विचारावे, ही जागा कशासाठी केली असेल? शेजारच्याच लेण्यात स्तूप आहे, आणि ते चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिले असा तेथे लेख आहे. मुलगा स्वतःच उत्तर देईल, आणि त्याने स्वतः दिलेले उत्तर त्याच्याकडून कोणी हिरावून घेऊ शकणार नाही. भाविकाशी भांडण न करताही वास्तू वाचता येते. किंबहुना भांडताना ती वाचून होत नाही, असा आमचा अनुभव आहे.

किती बारकाईने वाचता येते याचे उदाहरण म्हणून अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांच्याकडे पाहावे. २०१९ साली ते निवर्तले. आयुष्याची अनेक दशके त्यांनी अजिंठ्यात घालवली, आणि चित्रांइतकेच लक्ष दाराच्या खुंट्या बसवण्यासाठी कोरलेल्या भोकांकडे दिले. खोलीचे दार कोणत्या पद्धतीने बसवले, ते भोक फिरून फिरून झिजले आहे की कोरे आहे, यावरून खोली आधीची की नंतरची, वापरात होती की नव्हती, याची अनुमाने त्यांनी बांधली. वाकाटक नृपती हरिषेणाच्या कारकीर्दीतील मोजक्या वर्षांत बहुतेक काम झाले, हा त्यांचा सिद्धांत सर्वांना मान्य नाही. तो वाद तज्ज्ञांनी चालवावा. आम्हांस मोल वाटते ते त्या झिजलेल्या भोकाचे. तेथे कोणीतरी दररोज दार उघडत होते. पद्मपाणीच्या चित्रासमोर गर्दी करणाऱ्यांपैकी एकाचीही नजर त्या भोकाकडे जात नाही.

हीच नजर आता आपल्या स्वतःच्या विहारांकडे वळवणे प्राप्त आहे, आणि येथे टीका अटळ आहे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर महाराष्ट्रात वस्तीवस्तीत, लोकांनी पोटाला चिमटा घेऊन, विहार उभे केले. त्या त्यागाविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु गेल्या काही दशकांत नव्याने बांधले जाणारे, वा जुने पाडून उभारले जाणारे विहार पाहिले की एकच साचा आढळतो. वर सिमेंटचा घुमट, दर्शनी भागावर चैत्यकमान, फाटकाला सांचीसारखे तोरण. चैत्यकमान ही कार्ले येथे काय करते? ते चैत्यगृह पश्चिमाभिमुख आहे. दिवस कलला की त्या भव्य गवाक्षातून प्रकाश सुमारे १२४ फूट लांबीच्या दालनातून थेट स्तूपावर येतो, आणि दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा खांबांमागच्या प्रदक्षिणेच्या वाटा अंधुक राहतात. चालणारा अंधारात, स्तूप उजेडात. म्हणजे ती कमान खिडकी आहे. आपल्या विहारांवरील कमान बहुधा भिंतीवर चिकटवलेली असते. तिच्यामागे भोक नसते. आत दिवसाही नळीचे दिवे लावावे लागतात. ज्यांनी विनयातील तीन प्रकारच्या खिडक्यांचा भाग वाचला आहे त्यांना ही बंद खिडकी खटकल्यावाचून राहणार नाही.

मूर्ती मागच्या भिंतीस लागून असते यावर काहींचा आक्षेप आहे; आमचा नाही. अजिंठ्याच्या उत्तरकालीन विहारांतही बुद्धमूर्ती मागच्या गर्भगृहातच आहे. आमचा आक्षेप कुलपास आहे. दिवसाचे बावीस तास लोखंडी जाळीच्या दारास कुलूप, आणि बाहेर पाऊस आल्यास उभे राहावयास पडवी नाही. अभ्यासिका नाही. आणि पाणी नाही. काणभोअच्या यादीत चैत्यगृह एक आहे आणि पोढ्या दोन आहेत. ज्या समाजाच्या मुक्तिलढ्याचे पहिले मोठे पाऊल १९२७ साली पाण्याच्या तळ्याकडे पडले, त्याच्या विहाराबाहेर वाटसरूस ओंजळभर पाणी मिळू नये, आणि घुमटावर मात्र लाखो रुपये खर्च व्हावेत, हे पाले येथील त्या कुमारास समजले नसते. बांधकाम समितीच्या बैठकीत वास्तुशिल्पज्ञ चित्र घेऊन येतो, सर्वजण घुमटाची उंची विचारतात. पाण्याची टाकी कोठे आहे हे कोणी विचारत नाही. लहान दालनावरचा तो घुमट उन्हाळ्यात तापतो, आवाज घुमवतो, आणि जोडावर गळतो. वंदना चालू असताना भंतेंचे शब्द मागच्या रांगेस कळत नाहीत, अशी तक्रार अनेक गावांतून ऐकू येते.

यावरून आम्ही नव्या रूपांचे विरोधक आहोत असा समज होऊ नये. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूप हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. वास्तुशिल्पज्ञ शिवदान मल यांच्या आराखड्यानुसार उभारलेल्या या स्तूपाचे उद्घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. उंची १२० फूट व व्यासही तितकाच. सांचीचा स्तूप भरीव आहे. त्यात कोणी प्रवेश करीत नाही, त्याच्याभोवती चालतात. दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ आहे. लोक आत जातात. काही शास्त्रनिष्ठ मंडळी म्हणतात की पोकळ स्तूप हा स्तूपच नव्हे. शब्दाच्या अर्थाने त्यांचे म्हणणे खरे असेल. पण ज्यांना पिढ्यान्पिढ्या प्रत्येक पवित्र वास्तूच्या बाहेर, पायरीखाली उभे केले गेले, त्यांनी आपला स्तूप बांधताना त्याचे अंतरंग मोकळे ठेवले, यात आम्हांस विनयातील कठड्याचाच न्याय दिसतो: माणसाची गरज पाहून रूप बदलले. येथे घुमटाला कारण आहे. त्याची लहान आकाराची नक्कल करणाऱ्या वस्तीतील घुमटाला ते नाही, एवढाच आमचा मुद्दा आहे.

राहत्या घरांकडेही असेच पाहता येते. मुंबईतील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या: तळमजला आणि तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. त्या चाळींतून आपली चळवळ वाढली. लेण्यातील विहार व चाळ यांची तुलना आम्ही भाबडेपणाने करीत नाही; ओवरकात एक-दोन भिक्खू राहत, चाळीच्या खोलीत सात-आठ माणसांचा संसार. पण दारे पाहावीत. विहारात सर्व दारे एका दालनात उघडतात, चाळीत एका व्हरांड्यात. व्हरांड्यातच वर्तमानपत्र वाचले जाई, तेथेच सभेची हाक पोहोचे. पुनर्विकासात चाळींच्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत, आणि प्रशस्त घर, स्वतंत्र संडास हा रहिवाशांचा हक्कच आहे; त्याविषयी हळहळ व्यक्त करणे हा बाहेर राहणाऱ्यांचा शौक होय. तथापि, मनोऱ्यात दार कोठे उघडते हा प्रश्न रहिवाशांनी आराखडा हाती असतानाच विचारावयास हवा. सभागृहाची जागा कोणत्या मजल्यावर, तेथे जाण्याची वाट कोणती, किल्ली कोणाकडे, हेही.

असे प्रश्न विचारणारी माणसे आपल्यात आहेत. १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीच्या आवारातील भूमिगत वाहनतळाच्या खोदाईविरुद्ध लोक मोठ्या संख्येने जमले, आणि राज्य शासनास त्या कामास स्थगिती द्यावी लागली. त्या दिवशी जे घडले त्यातील सर्वच प्रकारांचे समर्थन कोणी करणार नाही. पण खोदलेल्या खड्ड्यामुळे स्तूपाच्या पायास धोका पोहोचेल काय, हा त्या लोकांचा प्रश्न होता. घुमटाकडे वर न पाहता पायाकडे, मातीकडे आणि भाराकडे पाहून विचारलेला तो प्रश्न होता.